अंकांची वाम गती

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, त्या काळी रोहिणखेडास कय्यूममियाँ घड्याळे दुरुस्त करीत. माझ्या पितळी दुर्बिणीची भिंगेही त्यांनीच घासली होती. त्या आश्विनात पृथ्वीजवळून जाणारा एक अनोळखी गोलक आम्हास आढळला. नागपूरच्या विद्वानांनी माझे पूर्वीचे टिपण ‘पंचांगी भटाचे’ म्हणून परत धाडले होते. हे तरी मान्य व्हावे, एवढीच माझ्या उतारवयाची इच्छा उरली होती.

दुपारी गणित करून मी गोलकाची क्षितिजापासूनची उंची संस्कृत अंकशब्दांत सांगे. कय्यूममियाँ आकडे मांडीत आणि दिवेलागणीला आपल्या घराच्या धाब्यावर, त्या सपाट छतावर, तेवढ्या अंशांवर दुर्बीण लावीत. तीन संध्याकाळी गोलक नेमका नळीत सापडला.

चौथ्या दिवशी मी कागद पाहिला.

“शर म्हणजे पाच, वेद म्हणजे चार. मी पंचेचाळीस सांगितले, तुम्ही चोपन्न लिहिलेत! अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात.”

“घ्या! तुमची अक्षरं डावीकडून अन् आकडे उजवीकडून. आमच्या उर्दूचं उलटं. मले कसं समजन, शास्त्रीजी?” ते हसले. “पन तारा तं सापडला ना?”

मागच्या तिन्ही दिवसांचे आकडे उलटे होते.

त्या संध्याकाळी मी स्वतः माझ्या अंशांवर दुर्बीण लावली. आकाश रिकामे. त्यांनी ती उलट्या आकड्यावर वळवली. गोलक तेथे होता.

चाळीस वर्षांचे अध्ययन एका चुकीपुढे नमले. मला मत्सर अनावर झाला.

“कागद नागपुरास जाईल,” मी म्हणालो. “निरीक्षक म्हणून तुमचे एकट्याचेच नाव लिहा.”

“माह्यं? एकल्याचं?”

त्यांचे डोळे भरून आले. हसे त्यांचे व्हावे, हा माझा हेतू त्यांना कळला नाही.

“आता गोलकाचे निरीक्षकापासूनचे अंतर.” ते मोजण्याचे साधन आमच्यापाशी नव्हते. “ख लिहा. शून्य. हे तरी उलटे होणार नाही.”

त्यांनी सावकाश शून्य काढले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आकाश निरभ्र होते. गोलक कोठेही नव्हता. कय्यूममियाँ वर आले नाहीत.

मी खाली उतरलो. त्यांची पत्नी खुर्शीदा कंदील घेऊन दारात उभी होती.

“सकाळपासून डोये मिटून बसले हायेत. काऊन, ते तुमीच पुसा.”

मी आत गेलो. मिटल्या पापण्यांनीच त्यांनी तोंड माझ्याकडे वळवले.

“तारा लई मोठा दिसून राह्यला, शास्त्रीजी.”

मी त्यांच्यासमोर बसलो.

वाऱ्याने दारातला एकुलता कंदील विझला.

माझ्या पाठीमागच्या भिंतीवर माझी सावली तशीच राहिली.