गुरुवारचा अर्धा नूबा

मी त्या वॉर्डात पहिल्यांदा गेलो तो मसुराच्या आमटीसाठी.

तेतुआनच्या तटाबाहेर वेड्यांचं एक जुनं इस्पितळ होतं. तिथल्या बायकांच्या आमटीत मसूर कमी आणि पाणीच जास्त असतं, असं निनावी पत्र वर्तमानपत्राच्या कचेरीत माझ्या टेबलावर येऊन पडलं होतं. असली पत्रं मी सोडत नसे. ज्यांना ओरडता येत नाही त्यांच्या ताटातलं चोरणाऱ्याचा मला जेवढा राग येतो तेवढा कुणाचाच येत नाही, आणि तो राग मी छत्तीस वर्षांत एकदाही गिळलेला नाही. बसा नीट. दिवा जरा इकडे सरकवा.

एप्रिल होता. घराघरांत नारिंगाच्या फुलांचा अर्क काढायला भांडी चढली होती. तो वास इस्पितळाच्या फाटकापर्यंत सोबत येई आणि तिथे कुणी कापल्यासारखा थांबे. आत फिनाईल, ओली लोकर आणि उकडलेला मसूर.

आमटी खरोखरच पातळ होती. पातेल्यात पळी घातली तर पळीचा तळ दिसत होता. ते मी छापलं. पण त्याच भेटीत तामो नावाची मुख्य परिचारिका क्षणभर बाहेर गेली आणि टेबलावरचं मृत्यूंचं रजिस्टर मी उघडलं. शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर कोरी पानं.

मला तुम्ही सांगा, एकोणीस खाटा, त्यांवर साठी-सत्तरीच्या आजारी बायका, आणि अकरा वर्षांत एकही मेली नाही? मी काय समजायचं ते समजलो. मेलेल्या बायकांच्या नावावर शिधा उचलतायत. मी खाटा मोजल्या, बायका मोजल्या. एकोणीस. फायलींमधले जुने फोटो चेहऱ्यांशी ताडून पाहिले. चेहरे तेच. मग मी ठरवलं की फोटो बदललेले आहेत. माणूस एकदा चिडला की त्याला सगळं पटतं.

तेवढ्यात अंगणात वाद्यं लागू लागली.

दोनशे वर्षांपूर्वी कुण्या व्यापाऱ्यानं एक बाग या इस्पितळाच्या नावे करून ठेवली होती. अट एकच, दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर पाच वादकांनी इथे वाजवायचं. या पाच जणांत म्होरक्या होता मआल्लेम, म्हणजे उस्ताद, अब्देस्सलाम लुकाश, गजानं रबाब वाजवणारा, बांबूसारखा सरळ म्हातारा. खंजिरीवर ह्मीदो, पोटापाण्यासाठी शिंपी. बाकी तिघे ऊद नावाचं तंतुवाद्य, दरबुका नावाचा ढोलका आणि मांडीवर उभं धरलेलं व्हायोलिन घेऊन बसत. कुणापुढे कागद नाही. सगळं पाठ.

ते माया नावाचा नूबा वाजवत, नूबा म्हणजे एकामागून एक गुंफलेल्या गाण्यांची लांब माळ. प्रत्येक नूब्याची वेळ ठरलेली असते, तुमच्याकडे रागांची असते तशी; माया मावळतीचा. संथ सुरू होतो, हळूहळू चालायला लागतो, शेवटी धावतो आणि एका जागी येऊन विसावतो. त्या दिवशी तो धावू लागला, आता विसावणार म्हणून मी मान टेकली, आणि तो थांबला. मधेच. रबाबाचा गज मांडीवर आला. लगेच तामोनं भिंतीवरची घंटा वाजवली. ह्मीदोच्या बोटांना मात्र राहवेना, ती खंजिरीच्या कडेवर पुढचा ठेका धरू पाहत होती. मआल्लेमनं न बघता त्याच्या हातावर चापटी मारली.

पहिल्या खाटेवरची बाई म्हणाली, "पुढे काय, दादा?"

"पुढच्या गुरुवारी, मनाना," मआल्लेम म्हणाला.

ही त्याची धाकटी बहीण. मी तिच्याजवळ गेलो. ओठ निळसर, नजर मात्र स्वच्छ, आपल्यापेक्षा शहाणी. विचारलं, "तुम्हांला शेवट ऐकायचा नाही का?"

"अकरा वर्षं तेच मागतेय. कुणी देतंय?"

मी वहीत लिहून घेतलं. धीर द्यावा म्हणून तिचं मनगट धरलं. ते गार होतं. बोटं उगीच नाडी शोधू लागली, आणि ती काही सापडली नाही. मी डॉक्टर नाही. विसरून गेलो.

फाटकाशी ह्मीदोला गाठलं. "अर्धंच का वाजवता रे?"

"आमच्या मआल्लेमला शेवट येतच नाही, सी द्रिस! लग्नात वाजवतो तेही इथवरच. नवरानवरी म्हातारी होतात वाट बघून." आमच्याकडे 'सी' म्हणजे तुमचं 'राव'; द्रिस मी. तो हसला. मग मागे मआल्लेम दिसला आणि त्याचं हसू विझलं.

मआल्लेम माझ्याकडे आला. "आमटीचं लिहा, सी द्रिस. मसुराचं लिहा, मिठाचं लिहा. याचं नको."

"त्या झेरवालला घाबरता होय?" डॉक्टर झेरवाल म्हणजे इस्पितळाचा संचालक, माझं जुनं गिऱ्हाईक.

"त्याला नाही."

"मग कुणाला?"

त्यानं रबाबावर गवसणी चढवली, नाडी बांधली, सोडली, परत बांधली. 

मी काय लिहिलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. घंटा मी माझ्या कानांनी ऐकली होती. घंटा वाजवून वेड्यांचं गाणं अर्ध्यावर तोडतात, ही वेडी माणसं काय अर्धी माणसं आहेत का? शेवटी मनानाचं वाक्य, जसंच्या तसं. लेख गाजला. प्रांताच्या अधिकाऱ्यानं चार दिवसांत हुकूम काढला, येत्या गुरुवारी संपूर्ण नूबा होईल, मी स्वतः हजर राहीन, रेडिओवाले ध्वनिमुद्रण करतील. या पाच जणांना जमत नसेल तर राजधानीहून संगीतशाळेचा ताफा येईल.

बुधवारी मआल्लेम माझ्या कचेरीत आला. चहाला हात लावला नाही.

"आम्ही घंटेमुळे थांबत नाही. आम्ही थांबतो म्हणून तामो घंटा वाजवते. जेवणाची घंटा आहे ती."

 इतका साधा प्रश्न मी तामोला विचारला नव्हता.

"अकरा वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "मनानाचं हृदय गेलं होतं. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, रात्र काढणार नाही. गुरुवारच होता. तिला ऐकायचं होतं म्हणून वाजवलं. घरघर लागलेली. शेवटाच्या तोंडाशी माझ्या रबाबाची तार तुटली. सगळे थांबलो. आणि तिनं डोळे उघडले, म्हणाली, पुढे काय, दादा?… त्या रात्री वॉर्डात आणखी दोघी जायच्या होत्या. त्याही गेल्या नाहीत. तेव्हापासून मी तो शेवट कुठेच वाजवला नाही. कोण जाणे कुठवर ऐकू जातं…"

कोऱ्या पानांचं रजिस्टर माझ्या डोळ्यांसमोर आलं. ते मी बाजूला सारलं. मी शिकलेला माणूस.

"मआल्लेम, बहीण आहे, मी समजतो. पण तिला काय हवंय ते कधी विचारलंत?"

"विचारायला कशाला हवं?" तो म्हणाला. "दर गुरुवारी तीच विचारते."

आणि उठून गेला.

गुरुवारी अंगणात गालिचे टाकले होते. त्या दिवशी आमटी दाट होती, हे मी आधी पाहून घेतलं. अधिकारी खुर्चीत, शेजारी झेरवाल, कोपऱ्यात रेडिओवाल्याची रिळं फिरतायत. एकोणीस जणींना धुतलेले रुमाल बांधून ओळीनं बसवलेलं. मनाना पहिली.

माया सुरू झाला. असा मी तो पूर्वी ऐकला नव्हता, पुढेही नाही. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. मग तो धावू लागला, त्या जागी आला, आणि थांबला. गज मांडीवर. तामोचा हात सवयीनं गेला, घंटा झाली. नंतर काहीच नाही. अधिकारी खाकरला. झेरवाल दातांतून म्हणाला, "वाजव ना, म्हाताऱ्या." रिळं फिरत होती.

ह्मीदो कुजबुजला, "मआल्लेम… तार तुटली म्हणून सांगू या. मी तोडतो हवं तर…"

मआल्लेम बहिणीकडे बघत होता.

"दादा," ती म्हणाली, "थकले रे मी. वाजव आता."

त्यानं गज उचलला.

शेवट चार मिनिटांचा आहे. त्यात दुःखाचं काही नाही, उलट तो लग्नघरातून निघाल्यासारखा उड्या मारत जातो. एकोणीस जणी टाळ्या वाजवू लागल्या, नेमक्या ठेक्यावर, एकीची टाळी चुकली नाही. जिथं विसावायचं तिथं तो विसावला. मनानानं रुमालाची गाठ नीट केली, खाटेपाशी चालत गेली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ह्मीदो खंजिरी छातीशी धरून रडत होता. अधिकाऱ्यानं माझा हात हातात घेऊन माझं अभिनंदन केलं.

सकाळपर्यंत सात गेल्या. मनाना आणि आणखी सहा.

चौकशी झाली. आमटी तपासली, पाणी तपासलं, औषधं तपासली. काही निघालं नाही. मी सातही जणींच्या जुन्या फायली मिळवल्या. तिघींच्या फायलींत अकरा वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी, बाकी चौघींच्या फायलींत वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकाच अर्थाचं वाक्य लिहिलं होतं: आजची रात्र निघणार नाही. ते मी छापलं नाही. मी छापलं की झेरवालच्या इस्पितळात एका रात्रीत सात बायका मरतात. त्याची नोकरी गेली. त्यानं आमटी पातळ केली होती, एवढाच त्याचा गुन्हा. खुलासा मी आजतागायत दिलेला नाही, आणि याबद्दल मला कुणी काही बोललं तर मी अजूनही भांडतो.

मआल्लेमनं रबाब परत हातात धरला नाही. तीन महिन्यांत तोही गेला. मयताला मी गेलो होतो. ह्मीदोनं माझ्याशी हात मिळवला नाही.

त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणाची एक टेप रेडिओवाल्यानं मला दिली होती. मी ती खूपदा ऐकली आहे. घंटा, खाकरणं, मनानाचं बोलणं, मग शेवट, चार मिनिटं, टाळ्यांसकट. शपथेवर सांगतो, शेवट त्यात होता.

चार वर्षांपूर्वी माझं हृदय बिघडलं. तांजेरच्या डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, ईद दिसली तर नशीब. त्याच गुरुवारी मी टेप लावली. ती त्या जागी आली, थांबली, घंटा झाली. पुढे खाकरणं नाही, मनाना नाही. नुसती खरखर, आणि मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज, अगदी जवळून: "पुढच्या गुरुवारी, सी द्रिस."

तेव्हापासून चार ईद झाल्या. डॉक्टर तपासतो, कानातली नळी काढतो, पुसतो, परत लावतो, आणि फी न घेता घरी पाठवतो. टेप मी दुरुस्तीला दिली, दुसऱ्या यंत्रावर लावली, एकदा विहिरीत टाकली. तरी गुरुवारी दुपारी ती परत यंत्रात असते. बाहेर फुलांचे दिवस आहेत म्हणतात. मला वास येत नाही.

आज गुरुवार होता. मी टेपला विचारलं, पुढे काय? उत्तर तुम्हांला माहीत आहे.

भिऊ नका. हात द्या इकडे. हे माझं मनगट. इथे नाही, जरा वर, अंगठ्याच्या बाजूला… दाबा नीट.

सापडतेय?