वाढीव दगड

तुम्ही हसाल, पण सांगतो. त्या दिवशी दुपारी काम अगदी साधं होतं. जस्त आणि शिसं शोधायला आम्ही माळावर भोक पाडत होतो. मशीन जमिनीतून दगडाचे दंडुके काढायचं, ते लाकडी पेट्यांत ओळीनं मांडायचे आणि मी टेपनं मोजून वहीत लिहायचं. मशीन एकशे ऐंशी मीटरवर थांबवलं होतं. दगड तेवढाच भरणार, फार तर थोडा कमी, कारण काही चुरा होऊन पाण्याबरोबर जातो. जास्त कधीच भरत नाही.

माझा एकशे एक्याऐंशी भरला.

पुन्हा मोजला. एकशे ब्याऐंशी. शेडमध्ये ओल्या दगडाचा वास होता आणि वरचा पत्रा वाऱ्यानं कुरकुरत होता. मला घाम फुटला. वडिलांचं डोकं आकड्यांपासूनच बिघडलं होतं, माझ्याच वयात. वर्षभरात ते मला ‘अहो पाहुणे’ म्हणू लागले. मी घाईघाईनं एकोणतीसचा पाढा म्हणून पाहिला. बिनचूक आला. मग हे काय?

शेवटी ड्रिलिंगच्या मिस्त्रींना बोलावलं. वीस वर्षं भोकं पाडलेला माणूस. आज चहा झाला नाही वाटतं साहेबांचा, असं म्हणत त्यांनी टेप लावला. हळूहळू त्यांचं हसू मावळलं.

“एकशे त्र्याऐंशी...”

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. माझं डोकं ठिकाणावर होतं. मिस्त्री मात्र शेवटच्या पेटीपासून दोन पावलं मागे सरकले.

“साहेब, मोजताना तुमची चूक झाली असं लिहा.”

“पण चूक नाहीये.”

“ठाऊक आहे. पण खरं कळवलं तर शेजारीच दुसरं भोक पाडायला लावतील... आणखी खोल.”

मी तसं लिहून दिलं, तब्येत बरी नाही असंही जोडलं. भोकावर लोखंडी झाकण ठोकलं. आठवडाभरात मला घरी पाठवलं. आता बायको गोळ्या मोजून हातावर ठेवते, मुलं माझ्याशी सावकाश बोलतात. फार लागतं ते मनाला, पण गप्प बसतो.

मिस्त्रींना मात्र अधूनमधून फोन करतो, झाकण नीट आहे ना विचारायला. काल ते हळू आवाजात म्हणाले,

“बंद आहे साहेब... पण जमिनीपासून गुडघाभर वर आलंय.”

आता हे मी घरात कुणाला सांगू?