पंप ड्रॉवरमध्ये होता

तो पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा मी त्याच्या हातात कुणाची तरी खालची कवळी ठेवली.

माझी तरी काय चूक? आमच्या दातांच्या लॅबमध्ये दुपारी येणारा माणूस दवाखान्याचाच असतो आणि त्याला कायम घाई असते. मी मान वर न करता डबी पुढे केली. "डॉक्टरांना सांगा, आजोबांना डावीकडे टोचली तर परत पाठवा. स्वतः घासत बसू नका म्हणावं."

त्याने डबी उघडली, आत बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मला बसेल असं वाटत नाही. माझे अजून बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत."

मी वर बघितलं. हसताना त्यातले बरेचसे दिसत होते. आणि मी? नुकताच साचा फोडून आलेली, केसांपासून चपलांपर्यंत पांढरीफटक!

"मी हवा मोजायला आलोय," तो म्हणाला. "कामगार आरोग्य खात्याकडून."

मी घाईघाईने कवळी परत घेतली.

लॅब माझ्या मामाची. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, हातात मेणाची सुरी त्यानेच दिली. चार बाकं, पाच माणसं. धातूची कॅप करायची तर आधी मेणाचा दात कोरायचा, तो पांढऱ्या पावडरीच्या लगद्यात पुरायचा, भट्टीत भाजायचा, आत वितळलेला धातू ओतायचा आणि गार झालं की हातोडीने साचा फोडायचा. त्या पावडरीत वाळूचं अगदी बारीक पीठ असतं, सिलिका म्हणतात ते. फोडताना ते धुरासारखं उठतं. मामाने तीस वर्षं हेच केलं, तोंडाला साधा रुमाल बांधून. हल्ली तो जिना चढताना मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, चपलेत खडा गेलाय.

खडा कुठे गेलाय ते मला कळत होतं. विचारायची हिंमत नव्हती.

हवा मोजायचा पंप तळहाताएवढा होता. तो माझ्या पट्ट्याला अडकवायचा, नळी पाठीवरून आणायची आणि गाळणीची डबी कॉलरला चिमट्याने लावायची. हे सगळं तो माझ्याकडे न बघता करू पाहत होता... आणि त्याला जमत नव्हतं.

"यात बोललेलं रेकॉर्ड होतं का?"

"नाही. तुम्ही काय हुंगता तेवढंच."

"मग जरा लांब उभे राहा. तुमच्या अत्तराची नोंद व्हायची."

"अत्तर नाही — साबण आहे," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "हा पंप दिवसभर काढायचा नाही. मी दर तासाला येऊन बघेन."

"नुसता पंपच बघायला?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"पंप..." तो नळी सरळ करत म्हणाला, "...मुख्यतः."

तो बाहेर गेला आणि मामा हळूच माझ्या बाकापाशी आला. "चिमणे, धुळीचा आकडा वाईट आला तर टाळं लागेल गं. या वयात मी कुठे जाऊ?" एवढंच म्हणाला. लबाडी कर असं तो मला कधीच म्हणाला नसता. ती अक्कल माझी.

त्या दिवशी पाच वेळा साचे फोडले. पाचही वेळा मी पंप काढून मेणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तो तिथे गुणगुणत बसायचा, छान स्वच्छ हवा पीत. मी फोडायची, झटकायची, तोंड धुवायची आणि तास भरायच्या आत पुन्हा कॉलरला डबी लावून शहाण्यासारखी बसायची. तो तपासायला यायचा, डबीजवळ वाकायचा.

"तुम्ही थरथरताय," तो एकदा म्हणाला.

"थंडी वाजतेय."

"भट्टीशेजारी?"

मी मेणाचा दात कोरायला घेतला. त्याने भलताच अर्थ काढला आणि खूश होऊन गेला. खरं सांगायचं तर तो अर्थही काही अगदीच चुकीचा नव्हता.

आकडा यायला तीन आठवडे होते. तेवढ्यात तो तीनदा येऊन गेला. एकदा राहिलेली सही घ्यायला, एकदा विसरलेलं पेन न्यायला, आणि तिसऱ्या वेळी त्याला कारणच सुचलं नाही. त्या दिवशी चहा पिता पिता तो वडिलांबद्दल बोलला. दगडाच्या खाणीत होते. शेवटी शेवटी आडवं पडलं की गुदमरायचे, म्हणून भिंतीला टेकून बसलेलेच असायचे. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. तो हे सांगत होता आणि पलीकडच्या बाकावर मामा खोकला. त्याची मान झटकन तिकडे वळली.

तेव्हापासून मी मामाचा खोकला मोजायला लागले. मग स्वतःचाही. साधा ठसका लागला तरी अंगाला घाम सुटायचा.

आणि मग तो आला — दोन दोन पायऱ्या चढत, हातात रिपोर्ट. "मर्यादेच्या खूप खाली! खूप म्हणजे खूपच!"

मामाचा आनंद गगनात मावेना. धूळ ओढायच्या यंत्राची माहिती मागवून ठेवली होती, ती त्याने सरळ बाजूला सारली. "मी चहा आणतो," म्हणाला आणि पोराच्या उत्साहाने खाली गेला.

आम्ही दोघंच उरलो. तो रिपोर्टची कडा दुमडत, उलगडत उभा राहिला.

"आकडा येईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं," तो म्हणाला. "आईने ते सगळं एकदा सोसलंय. मलाही पुन्हा... धीर नव्हता. पण आता हवा स्वच्छ आहे. तर — तुम्ही मला आवडता. फार आवडता."

याच शब्दांची मी तीन आठवडे वाट बघत होते. पण ते सगळे त्या एका आकड्यावर उभे होते.

जिन्यात काहीतरी आपटलं. आम्ही धावलो. मामा मधल्या पायरीवर बसला होता, किटली कलंडलेली, चहा खाली वाहत होता. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"काही नाही... चपलेत... खडा..."

त्याच्या पायांत चपलाच नव्हत्या. आणि ओठ निळसर झाले होते.

आम्ही त्याला धरून वर आणलं, खिडकीपाशी बसवलं. त्याचा श्वास जरा जागेवर आला तशी मी म्हणाले, "पंप ड्रॉवरमध्ये होता."

"काय?"

"साचा फोडताना दर वेळी मी तो काढून ठेवत होते. तो आकडा मेणाच्या ड्रॉवरचा आहे. माझा नाही."

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला फसवलंस ते सोड," तो अगदी हळू म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो, आणि असा! "पंप तिकडे ठेवून तू इकडे काय हुंगत होतीस? माझ्या बापाने हुंगलं तेच ना?"

त्याने रिपोर्ट उचलला आणि गेला. मामा खिडकीपाशी मान खाली घालून रडत होता.

पुन्हा मोजणी झाली तेव्हा तो आला नाही. त्याच्या जागी एक चष्मेवाल्या बाई आल्या आणि दिवसभर माझ्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. या वेळी आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. पण टाळं काही लागलं नाही! यंत्र बसेपर्यंत साचे फोडायचं बाक बंद, एवढंच. साचा आधी पाण्यात भिजवायचा, मग फोडायचा. झाडू नाही, ओलं फडकं. हवेच्या नळीने कपडे झटकायचे नाहीत. रुमाल केरात, तोंडावर घट्ट बसणारा मास्क. एवढ्यासाठी मी तो पंप लपवला होता.

"त्यांनी... काही सांगितलंय का?" मी बाईंना विचारलं.

"सगळं लिहून दिलंय. आणि 'या लॅबचं काम माझ्याकडून काढून घ्या' असंही." बाईंनी चष्मा पुसला. "कारण लिहिलंय, 'या लॅबच्या बाबतीत मी निःपक्षपाती राहू शकत नाही.' इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कारण मी पहिल्यांदाच वाचलं."

मामाच्या दोन्ही फुप्फुसांवर डाग निघाले. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, पण धूळ थांबली तर पुष्कळ सांभाळता येईल. उरलेल्या सगळ्यांचेही एक्स-रे काढायचं खात्याने ठरवलं. मी अकरा वर्षं त्या धुळीत होते. दवाखान्यात माझी फिल्म मोठ्या पाकिटात घालून माझ्या हातात दिली आणि डॉक्टर बोलावतील तोवर बाहेर बाकावर थांबायला सांगितलं. शेजारी मामा. मला ते पाकीट धरवत नव्हतं, खाली ठेवायलाही भीती वाटत होती.

तेवढ्यात तो समोर येऊन उभा राहिला. जरा वाळला होता.

"उघडू नकोस," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी आकडा बघून बोललो. ते चुकलंच माझं. आज न बघता विचारतो. लग्न करशील माझ्याशी?"

"आणि यात डाग असले तर?"

"तर मला भीती वाटेल. आत्ताही वाटतेय, फार वाटतेय. पण घरी बसलो तरी वाटतेच... मग इथे बसून वाटलेली बरी."

"तुमच्या आईंना काय सांगाल?"

"तिनेच पाठवलंय."

तो वाट बघत होता, मी पाकिटाकडे बघत होते.

"हो म्हण गं लवकर," मामा शेजारून म्हणाला. "मला आता इतका वेळ श्वास रोखून बसवत नाही."

मी हो म्हटलं. तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला आणि आम्ही तिघंही उठलो.