वरच्या आळीतली ऊब

साहेब, तुम्ही म्हणालात, गाव रिकामं आहे. पंख्याखाली बसून म्हणालात आणि मला नुसती खात्री करायला पाठवलंत. नियमही तुमचाच. चूल उबदार तर घर वस्तीचं. अशी दहा घरं भरली तर पाण्याचा टँकर चालू, नाहीतर बंद. राखेवर पंजा ठेवायचा आणि कागदावर रेघ ओढायची. दुष्काळाचं तिसरं वर्ष, शहरातले कारखाने बंद, माणसं कामासाठी दाही दिशांना पांगलेली, आणि आपण राख चाचपतोय. मला लाज वाटत होती. तरी गेले.

टँकरवाल्याने मला सोबत आणलं. दुपारी तीनला कोरड्या विहिरीपाशी गाडी उभी करून तो सीटवर आडवा झाला.

"उरका लवकर, ताई. वावटळ येणारसं दिसतंय."

पहिल्याच घरात एक मावशी भेटली. खाटेवर तिचा नवरा, कमरेखाली लुळा.

"पाणी विचारत नाही हं," ती म्हणाली. "मोजून आहे."

"मुलगा नेत नाही तुम्हाला?"

"नेईल की. पण ट्रकमध्ये दोन दिवस उभ्याने जायचं. यांना उभं कसं करू?"

"आणि टँकर थांबला तर?"

"आधी हे जातील, मग मी. चार दिवसांचं अंतर."

तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून दिला. जाताना प्रत्येकाने आपली किल्ली तिच्याकडे ठेवली होती.

मी कुलपं उघडत सुटले. भिंतींवर काढून नेलेल्या आरशांचे, घड्याळांचे फिकट चौकोन. भांडं एक नाही. पण चुली उबदार. दुसऱ्या घरात, तिसऱ्या घरात, थेट सहाव्यापर्यंत. सहाव्या चुलीत अर्धवट जळलेलं लाकूड होतं, त्याला खिडकीची बिजागरी तशीच. मी तडक परतले.

"मावशी, या चुली तुम्ही पेटवता."

तिने मान वर केली नाही. "चौकटी जाळते त्यांच्या. परत आले की शिव्या घालतील. घालू देत. त्यासाठी तरी येतील."

"पण सहाच झाल्या."

"वरच्या आळीत चार आहेत. तो चढ माझ्या गुडघ्यांना झेपत नाही." मग म्हणाली, "सगळ्यांत आधी तेच गेले. चारी घरं एकाच ट्रकमधून. पोचल्याचा निरोप अजून नाही."

मी ठरवलं, दहा लिहायचे. पण कागदावर प्रत्येक घराच्या भिंती, छप्पर, दार यांचे रकाने होते. खोटं लिहायलाही घर बघावं लागणार होतं. मी चढ चढले.

वर पोचेपर्यंत वावटळ आली. सूर्य तपकिरी झाला, मग दिसेनासाच झाला. पहिलं कुलूप गंजलेलं. किल्ली दोन्ही हातांनी फिरवली. आत जमिनीवर बोटभर धूळ, तिच्यात पावलं फक्त माझी. पण वास बंद घराचा नव्हता. खूप माणसं दाटीने झोपली की खोलीला येतो, तो वास होता.

सवयीने राखेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. तळवा भाजला होता.

दुसरं घर तसंच. तिसऱ्यात चुलीपाशी वाकले, तर भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. कोरडा, दमलेला खोकला. मग दुसरं कुणीतरी.

पळावं असं वाटलं. पण अजून एक घर बाकी होतं, आणि खाली तो माणूस खाटेवर होता. मी चौथं दार उघडलं.

आत काहीच दिसेना. वाऱ्याने दार मागे लोटलं गेलं. अंधारात कुणी हलत नव्हतं, पण श्वास ऐकू येत होते. सगळे एकाच उंचीवर, अगदी जवळजवळ. उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसांचे असतात तसे.

"कोण आहे...?"

मग कानाशी एका बाईचा आवाज आला, रांगेत पुढच्याला विचारावं तसा.

"मोजलंत का... आम्हाला?"

"हो," मी म्हणाले. "चार घरं."

"सगळी...?"

"सगळी."

कुणीतरी सुस्कारा सोडला. चुलीपासून दारापर्यंत हवा सरकली, माणसं बाजूला होऊन वाट देतात तशी. त्या वाटेने मी बाहेर पडले. कुलूप लावलं का, आठवत नाही.

मावशीच्या हातात जुडगा दिला. "दहा," एवढंच म्हणाले. तिने माझा तळवा उलटा करून पाहिला, लाल चट्टा पाहिला. मोजून ठेवलेल्या पाण्यातलं वाटीभर पाणी त्यावर ओतलं.

कागद सोबत जोडला आहे. दहा घरं, वस्तीची. यात एकही खोटी रेघ नाही. पटत नसेल तर स्वतः या आणि राखेवर हात ठेवून बघा.

परतताना टँकर मोकळा खडखडत होता. मी टँकरवाल्याला विचारलं, "वरच्या आळीतलं कुणी पाणी भरायला येतं का हो?"

त्याने काच वर घेतली.

"टाकी रोज रिकामी होते, ताई. मागे घागरींचा आवाज येतो. मी आरशात बघत नाही."