त्याची बाजू त्याला दे

लाल लोकरीचा एक हातमोजा. उजव्या हाताचा.

मासळीनं अर्धी भरलेली बादली, किनाऱ्यावर तशीच टाकून दिलेली.

आयर्लंडमधल्या लिट्रिम परगण्यात एक माणूस रस्त्यात भेटणाऱ्या कुठल्याच गाडीला हात करत नाही. शेजारी म्हणतात, परदेश फिरून आला आणि शिष्ट झाला.

एका बेटावर एका सकाळी सगळ्या गाड्यांनी बाजू बदलली.

जून महिना, आणि गाडीच्या काचेवर बर्फ... बाहेरून.

यातलं काहीच रचलेलं नाही. ज्याच्यावर बेतलं तो कोल्म गिलहूली आजही धडधाकट आहे. हे तो दारू पिऊन सांगत नाही. प्यायला की उलट गप्पच बसतो.

तीन वर्षांपूर्वीची, जूनमधली संध्याकाळ. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाचा दक्षिण किनारा. टिंकर्स कोव्ह हे गाव म्हणजे त्याच्या बायकोचं, लॉरेटाचं, माहेर. कोल्म पहिल्यांदाच सासुरवाडीला आला होता.

भाड्याच्या गाडीनं त्याचा आठवडाभर छळ मांडला होता.

घरी आयुष्यभर डावीकडून चालवलेली. इथे सगळं उजवीकडून. सवयीनं डावा हात गिअर शोधायला जाई आणि दारावर आपटे. बोटांची सालटी निघाली होती. तेही चाललं असतं. पण वळणावर अचानक कुणी समोर आलं, की त्याचे हात आपोआप डावीकडे वळत.

दोनदा लॉरेटा किंचाळली होती. एकदा पाववाला.

शेवटी तिनं वडिलांचा लाल हातमोजा समोरच्या काचेखाली, उजव्या कोपऱ्यात ठेवला.

"घाबरलास की मोज्याकडे बघ. मोजा आहे ती तुझी बाजू. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"मोजा."

सासरा सिरिल ओट्यावर बसून मजा बघायचा. "काय जावईबापू, आज किती जणांना खड्ड्यात घातलंत?"

त्या संध्याकाळी केपलिन आले होते. बोटभर लांबीचे चंदेरी मासे, लाटांबरोबर थेट वाळूवर येऊन लोळणारे. सगळं गाव बादल्या घेऊन किनाऱ्यावर. सिरिलही गेला.

परत आला तेव्हा हातात बादली नव्हती.

चेहरा राखेसारखा. एक हात छातीवर.

"जरा बसतो," म्हणाला, आणि पायरीवरच कोसळला.

लॉरेटाचं मनगट प्लास्टरमध्ये. ती दोन दिवसांपूर्वी त्याच किनाऱ्यावर घसरली होती. रुग्णवाहिका दुसऱ्या टोकाच्या गावाला गेलेली. फोनवरची बाई म्हणाली, वाट बघू नका. निघा.

गाडी चालवणारा एकच माणूस उरला.

आणि बाहेर धुकं उतरत होतं.

किनाऱ्याचा जुना रस्ता. उजव्या हाताला कडा, खाली समुद्र. कठडा नाही. सिरिल मागच्या सीटवर आडवा. त्याचा श्वास ऐकू येत होता... शिट्टीसारखा, मध्येच अडकणारा.

"बाबा, बोलत राहा हं," लॉरेटा मागे वळून म्हणाली.

"काय बोलू? तुझा नवरा चालवतोय. प्रार्थना करतोय मी."

ती हसली आणि रडली, एकदमच.

धुकं इतकं दाट, की रस्त्यावरची पिवळी रेघसुद्धा तुकड्यातुकड्यांनी दिसे. कोल्म तिला चिकटून चालवत होता. डाव्या बाजूनं एक ट्रक घोंघावत गेला. त्यानं नजर उजव्या कोपऱ्याकडे नेली. मोजा. मोजा.

दूर दीपगृहाचा भोंगा वाजत होता. थोड्या थोड्या वेळानं, गाईच्या हंबरण्यासारखा. त्याला त्याचा आधार वाटायला लागला होता.

रस्त्याकडेचा एक जुना पांढरा क्रॉस मागे गेला.

भोंगा वाजायला हवा होता...

वाजला नाही.

कोल्मनं कान टवकारले. समुद्राचाही आवाज नव्हता. काचेवरचे वायपर इकडून तिकडे जात होते... पण नि:शब्द. इंजिन चालू होतं, पण नुसतं पायाला जाणवत होतं.

फक्त सिरिलचा श्वास. आणि मग तोही नाही.

"बाबा?"

समोर दोन दिवे दिसले.

पिवळे. मंद. जमिनीलगत आणि एकमेकांच्या फार जवळ. असे दिवे हल्लीच्या गाड्यांना नसतात.

ते समोरून येत होते.

त्याच्याच बाजूनं.

"हा चुकीच्या बाजूला आहे!" कोल्म ओरडला. हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही.

"उजवीकडे घे!" लॉरेटा किंचाळली. "मोज्याकडे बघ! मोजा!"

उजवीकडे जागाच कुठे होती? तिथे कडा होता. डावीकडे मोकळी बाजू... जिथून आताच ट्रक गेला होता, आणि पुढचा कधी येईल ते दिसणार नव्हतं. चूक झाली तर तिघंही जाणार होते.

दिवे हळू झाले नाहीत.

तेव्हा मागून आवाज आला. शांत. अगदी रोजच्या आवाजात.

"पोरा. त्याची बाजू त्याला दे."

आठवडाभर ज्या हातांना त्यानं दटावलं होतं, त्यांना त्यानं सोडून दिलं.

हात डावीकडे वळले.

ती मोटार उजवीकडून, लॉरेटाच्या खिडकीला घासून गेली. काळी. उंच टपाची. आवाज नाही. चालवणाऱ्यानं चाकावरून हात उचलला... इथे सगळेच उचलतात, ओळख असो नसो... आणि त्याला हात केला.

कोल्मनंही केला.

का, ते त्याला आजही सांगता येत नाही. हात आपोआप वर गेला.

मग भोंगा वाजला. वायपर करकरले. समोरून खरा, कानठळ्या बसवणारा हॉर्न आला आणि त्यानं गाडी झटक्यात उजवीकडे ओढली. मासळीचा ट्रक शिव्या देत निघून गेला.

मागे श्वास पुन्हा सुरू झाला होता. शिट्टीसारखा.

लॉरेटा आपल्या खिडकीकडे बघत होती. काच पांढरी झाली होती. तिनं काच उतरवून बाहेरून बोट फिरवलं. बर्फ.

"मागे कुणीतरी होतं," ती म्हणाली. "त्या गाडीत. आडवं पडलेलं. बाबांच्या वयाचं."

कोल्मनं गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली.

सिरिल वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

चौथ्या दिवशी तो उशीला टेकून बसला, दवाखान्याच्या सुपाला नावं ठेवायला लागला, तेव्हा कोल्मनं विचारलंच.

"कोण होता तो?"

"अँब्रोज," सिरिल म्हणाला, शेजाऱ्याचं नाव सांगावं तसं. "क्रॉस त्याचाच. माझ्या लहानपणी गेला. तोवर इथेही सगळे डावीकडूनच चालवायचे. लाकूडतोडीच्या छावणीत होता हिवाळाभर. बाजू बदलली त्याच्या आदल्या रात्री उतरून आला घरी. वर ना रेडिओ, ना काही. नियम बदलल्याचं बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. बर्फ पडत होतं. समोरून ट्रक आला... नव्या नियमानं."

"आणि अजून..."

"धुक्यात येतो कधीकधी. आम्ही त्याची बाजू त्याला देतो. संपलं."

"मी इथलीच ना?" लॉरेटा तडकली. "मला कसं माहीत नाही?"

"सतराव्या वर्षी पळालीस तू. गाडी कधी चालवलीस इथे?"

"मग मला तरी सांगायचं होतं!" कोल्म म्हणाला.

"तुला?" सिरिलनं सुपाचा चमचा त्याच्याकडे रोखला. "आठवडाभर तू डावीकडेच तर पळत होतास. म्हटलं, गावात अँब्रोजपासून कुणाला धोका नसेल तर तो आमच्या जावईबापूंना."

लॉरेटाला हसू आवरेना.

कोल्मनं मात्र विचारलं, "आणि मागे आडवं पडलेलं कोण होतं?"

सिरिलनं चमचा खाली ठेवला. तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तू त्याला हात केलास?" त्यानं तिकडेच बघत विचारलं.

"हो."

"आम्ही करत नाही."

का, ते त्यानं सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला.

आता कोल्म लिट्रिममध्ये आहे. आपल्या रस्त्यांवर, आपल्या गाडीत. हात जातो तिथे गिअर असतो. समोर मोजा लागत नाही.

पण धुकं पडलं की तो शक्यतो बाहेर निघत नाही.

कारण तिथे अँब्रोज ओळखू यायचा. सगळे उजवीकडून, तो एकटा डावीकडून.

इथे सगळेच डावीकडून चालवतात.

मागच्या नोव्हेंबरात तो बाजारातून परतत होता. खिंडीत धुकं होतं. समोरून दोन दिवे आले. पिवळे... मंद... जमिनीलगत. आपल्या बरोबर बाजूनं आले आणि शेजारून निघून गेले.

चालवणाऱ्यानं हात केला.

लिट्रिममध्येही सगळे करतात.

कोल्मनं दोन्ही हात चाकावर घट्ट धरून ठेवले. घरी पोहोचल्यावर लॉरेटानं विचारलं, शेजारची काच अशी पांढरी का?

दोन जानेवारी १९४७ ला न्यूफाउंडलंडनं रस्त्याची बाजू बदलली. त्या सकाळी अँब्रोज आपल्या सासऱ्याला दवाखान्यात नेत होता.