डबा भरल्याशिवाय

पहिल्या भेटीतच दिपमालाने समाधानला प्रसूती विभागाच्या दारात अडवून झाडलं. २०२०चा मे, जळगावचा पारा पंचेचाळीसवर, अंगात प्लास्टिकचा झगा. अशात प्रेम सुचायला माणूस एक तर कवी हवा, नाही तर मंत्री. ती कंत्राटी नर्स होती.

"कालचे कोरोनाचे नमुने अजून फ्रिजमध्येच कसे, भाऊ?"

"डब्यात पन्नास भरल्याशिवाय गाडी धुळ्याच्या लॅबला न्यायची नाही, असा आदेश आहे. मी नुसता ड्रायव्हर, सिस्टर... आणि ते भाऊ नका ना म्हणू."

"का? गाडी चालत नाही, निदान नातं तरी चालू दे."

तो हसला असावा. मास्कवरचे डोळे बारीक झाले. डोळे चांगले होते, याचाही तिला राग आला.

आदेश दुसराही होता. बाधित आईचा अहवाल निगेटिव्ह येईपर्यंत बाळ वेगळं ठेवायचं. आया खाली, बाळं वर. अकरा पाळणे, एक दिपमाला. एकाला वाटी-चमच्याने दूध पाजावं, तोवर तिसरं ओलं आणि सातवं रडून लालबुंद. साहेबांनी परवा 'योद्ध्यां'वर फुलं उधळली होती. ती झाडलीही योद्ध्यांनीच.

खालून पारोळ्याकडच्या भागाबाईचा फोन रोज यायचा. "बाई, मना पोऱ्या कसा शे? मनं दूध आटी ऱ्हायनं..."

सहाव्या दिवशी दिपमाला तरातरा गाडीपाशी गेली.

"डब्यात किती?"

"एकोणीस."

"म्हणजे अजून एकतीस जण आजारी पडायची वाट बघायची? सांगा, कुणावर जाऊन खोकू?"

वरच्या खिडकीतून रडणं आलं. समाधानने मान वर केली. "कुणाचं?"

"भागाबाईचं. तिचा नमुनाही याच डब्यात आहे. अजून एक-दोन दिवस गेले की तिचं दूध संपलं."

त्याने डबा उचलून गाडीत ठेवला.

"आणि आदेश?"

"आदेशाला कुठे बाळ झालंय?" तो आत बसला. "तुम्ही रागावलात ना, की मला काम करावंसं वाटतं. माझ्या आईला हे तीस वर्षांत जमलं नाही."

"बडबड कमी. निघा!"

दुसऱ्या दिवशी अहवाल आले. चार आया निगेटिव्ह, त्यात भागाबाई. बाळ छातीशी शोधत राहिलं, चुकलं, चिडलं... आणि एकदाचं लागलं. चष्म्याआड दिपमालाला काही दिसेना.

समाधानला मात्र नोटीस दिसली. शासकीय डिझेलचा अपव्यय केल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. दिपमालाने कागद हिसकावला आणि खाली लिहिलं: 'गाडी माझ्या सांगण्यावरून गेली. गरज पडल्यास पुन्हा जाईल.' सही ठोकली.

"अहो, तुमचं कंत्राट जाईल!"

"जाऊ दे. तुम्ही करा सही."

त्याने केली. दोन्ही सह्यांकडे बघत राहिला. "दोघांच्या सह्यांचा एक कागद... माझ्या मनात वेगळाच होता."

"वर सात बाळं रडताहेत," ती म्हणाली. आवाज अजून रागातच होता, फक्त जरा अडखळला. "काय ते पटकन बोला."

"आवडता तुम्ही मला."

"मलाही. आज डब्यात चौदा आहेत... काढा गाडी."