लाँचचा मागचा बाक

माझा आज गुरुवारचा उपवास आहे, खोटं लिहिणार नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत हे घडलंय.

गेल्या आषाढातल्या अमावस्येची संध्याकाळ. उजनीचं पाणी. आमच्या गावाकडं परतणारी शेवटची लाँच.

जाऊबाई, म्हणजे रंभाबाई, पलीकडच्या काठाला केळी भरायच्या कामाला जातात. त्याआधीच्या वर्षी जोतीराम भावजी जाळं टाकताना बुडाले. सापडलेच नाहीत. बाई रडल्या नाहीत. कुंकूही पुसलं नाही.

"घरी आनल्याबिगर न्हाय पुसायची," एवढंच म्हणाल्या.

पाण्याच्या मधोमध जुनं गाव बुडालंय. त्याच्या देवळावर आलं की लाँचवाला इलाहीबक्ष इंजिन बंद करतो. सगळे हात जोडतात. तिथं कुणी कुणाला 'चला' म्हणत नाही. कोण ऐकत असेल, सांगता येत नाही.

त्या दिवशी लाँचमध्ये बाई एकट्याच होत्या.

इंजिन बंद झालं.

पाणीसुद्धा गप्प...

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

तंबाखूचा, घशात अडकणारा खोकला. भावजींचा.

"मागं बघू नका, वैनी," इलाहीबक्ष हळूच म्हणाला. "रोज असतोय. गर्दीत तुमाला ऐकू येत न्हाय."

"रोज?"

"व्हय. काय करत न्हाय बिचारा. बसतोय नुसता."

बाईंनी मागं पाहिलं नाही. पदर सावरला. चुलीपुढनं हाक मारावी तशा म्हणाल्या,

"घरी चला की आता. जेवायचं न्हाय व्हय?"

इलाहीबक्षचा हात इंजिनावर तसाच राहिला.

काठ आला. बाई उतरल्या.

आणि लाँच... पुन्हा एकदा हलली. त्यांच्यामागून अजून कुणी उतरावं तशी.

त्या दिवशी जेवणवेळी आमच्या दोन्ही घरांमधल्या भिंतीपलीकडं दोन ताटं वाजली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आले."

दुसऱ्या दिवशीही शेवटच्या लाँचला बाई आणि इलाहीबक्ष दोघंच. देवळावर इंजिन बंद झालं.

मागच्या बाकावर...

तोच खोकला.

इलाहीबक्ष बाईंकडं वळला. "वैनी, जोतीराम तर हितंच हाय. मग काल तुमच्यासंगं उतरलं कोन?"



"कुनी का असंना," बाई म्हणाल्या. "जेवतंय की."

आजही त्या दोन ताटं वाढतात. कुंकू तसंच आहे. मी दिवा लावते, जप करते, आणि कान भिंतीकडंच राहतात. पाट सरकतो. भाकरी मोडते. तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज येतो...

खोकला मात्र एकदाही आला नाही.